मेंटेनन्स न वाढवणारा खजिनदार

आमच्या सोसायटीच्या एका माजी खजिनदारांचा मी ऋणी आहे. सरकारी खर्चाबद्दलची जी गोष्ट मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कळली नव्हती, ती त्यांनी सहा वर्षांत, आमच्याच पैशांनी, नीट समजावून दिली.

इमारत मुलुंडमधली, पस्तीस वर्षं जुनी, अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची. हे खजिनदार काका निवडून आले ते एका वाक्यावर: ‘मी आहे तोवर मेंटेनन्स एका रुपयानेही वाढणार नाही.’ आणि खरोखर वाढला नाही. शेजारच्या सोसायट्यांत दरवर्षी एजीएमला हातघाईची वेळ यायची. आमच्याकडे दहा मिनिटांत ठराव मंजूर करून मंडळी वडापावकडे वळायची. दरम्यान गेटला ग्रॅनाइट लागलं, लॉबीत फॉल्स सीलिंग आलं, सीसीटीव्ही आले, वॉचमनची केबिन काचेची झाली. हे सगळं त्याच मेंटेनन्समध्ये बसतं कसं, असं मी एकदा विचारलं. काका हसून म्हणाले, ‘हिशेब ठेवता आला पाहिजे, साहेब.’ मीच ओशाळलो.

सातव्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आला. गच्ची गळत होती, दोन पिलरच्या सळ्या गंजून काँक्रीट सुटायला लागलं होतं. मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या सिंकिंग फंडाच्या एफडी मोडायला काढल्या तेव्हा कळलं की त्या केव्हाच मोडून झाल्या आहेत. दर बिऱ्हाडामागे एक लाख ऐंशी हजार काढायची वेळ आली. विशेष सभेतला आरडाओरडा समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत येऊन ऐकत होते. काका मात्र शांत. एवढंच म्हणाले, ‘पण मी मेंटेनन्स वाढवला का? सांगा ना, वाढवला?’

नव्हता वाढवला. दुखणं तेच होतं.

त्या सभेनंतर हे वाक्य मला सगळीकडे ऐकू येतं. मंत्रालयातून येतं, दिल्लीतून येतं, वॉशिंग्टनमधून तर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं येतंय. शिस्तीच्या, काटकसरीच्या, ‘सरकार लहान हवं’ म्हणण्याच्या बळावर निवडून येणाऱ्या नेत्यांच्या काळात सरकारचा खर्च वाढतो. तो वाढतो याचं नवल नाही, सगळ्यांच्याच काळात वाढतो. नवल याचं की त्यांच्या प्रतिमेला त्याचा ओरखडाही उठत नाही. उलट वाण्याकडे जशी पत चांगली असलेल्या गिऱ्हाइकाला उधारी जास्त मिळते, तशी काटकसरीची ख्याती असलेल्याला उधळपट्टीची मुभा जास्त मिळते. बदनाम माणसाने शंभर रुपये मागितले तर चार प्रश्न होतात. सज्जनाने हजार मागितले तर आपण वहीत लिहायलाही विसरतो.

अमेरिकेचं उदाहरण आधी घेतो, कारण तिथे हे नाटक सर्वांत भव्य रंगमंचावर झालं. २० जानेवारी १९८१ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेताना रोनाल्ड रेगन म्हणाले की सध्याच्या संकटावर सरकार हा उपाय नाही, सरकार हीच अडचण आहे. जगभरच्या काटकसरवाद्यांचं हे घोषवाक्य झालं. त्या आर्थिक वर्षात अमेरिकी केंद्र सरकारचा खर्च ६७८ अब्ज डॉलर होता. १९८९च्या आर्थिक वर्षात तो १,१४४ अब्ज झाला. रेगन आले तेव्हा देशाच्या डोक्यावरचं कर्ज एक लाख कोटी डॉलरच्या आत होतं, गेले तेव्हा अडीच लाख कोटींच्या वर. यात महागाई आहे, शीतयुद्धाचा संरक्षणखर्च आहे, संसदेच्या प्रतिनिधीगृहात विरोधकांचं बहुमत होतं हेही आहे. पण कर झटकन कापले गेले आणि खर्च कापायचा राहून गेला, हे त्यांचे स्वतःचे अंदाजपत्रक-प्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांनीच पुढे मान्य केलं.

धाकट्या बुश यांना तर शिलकीचं घर मिळालं होतं. २००१ साली अमेरिकेच्या तिजोरीत खर्च भागून १२८ अब्ज डॉलर उरले होते. मग २००१ आणि २००३ अशी दोनदा करकपात झाली, दोन युद्धं सुरू झाली आणि ज्येष्ठांच्या औषधांची एक मोठी योजना आली. या सगळ्याला नवा कर एकही नाही. २००१चा १,८६३ अब्जांचा खर्च २००८पर्यंत २,९८३ अब्जांवर गेला. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६च्या प्रचारात देशाचं सगळं कर्ज आठ वर्षांत फेडून दाखवतो असं सांगितलं होतं. पहिल्या चार वर्षांत ते साडेसात लाख कोटी डॉलरहून जास्त वाढलं. त्यातला मोठा भाग करोनाचा, हे खरं. पण करोनाच्या आदल्या वर्षीही, अर्थव्यवस्था उत्तम चाललेली असताना, तूट ९८४ अब्ज होती. दुसऱ्या खेपेला इलॉन मस्क करवत हातात घेऊन मंचावर नाचले, दोन लाख कोटी डॉलर वाचवण्याच्या गोष्टी झाल्या, हजारो कर्मचारी घरी बसले आणि २०२५ या आर्थिक वर्षात अमेरिकेचा एकूण खर्च आदल्या वर्षापेक्षा जास्तच निघाला. कारण साधं आहे. पैसा जातो म्हाताऱ्यांच्या पेन्शनवर, त्यांच्या दवाखान्यावर, सैन्यावर आणि व्याजावर. करवत चालली ती कारकुनांवर.

या सगळ्यात खरा काटकसरी कोण होता म्हणाल, तर थोरले बुश. १९८८ साली त्यांनी ‘नवे कर नाहीत’ असं छातीठोक वचन दिलं आणि १९९० साली तूट पाहून ते मोडलं. कर वाढवले, आणि त्याच वर्षी एक कायदा आला: नवा खर्च किंवा नवी करकपात करायची असेल तर तेवढीच रक्कम दुसरीकडून आणून दाखवा. दशकाच्या शेवटी क्लिंटन यांच्या काळात जी शिल्लक दिसली, तिच्या पायात हा नियम होता. २००२ साली त्याची मुदत संपू दिली गेली. आणि थोरल्या बुश यांचं काय झालं? १९९२ला हरले. बिल दाखवणाऱ्याला मतदाराने घरी पाठवलं. पुढच्या प्रत्येक नेत्याने हा धडा पाठ केला, आणि त्यासाठी त्यांना दोष तरी किती द्यायचा!

रेगन यांच्याच आर्थिक सल्लागार मंडळात विल्यम निस्कानेन नावाचे अर्थतज्ज्ञ होते. सरकार लहान असावं याच मताचे, कडवे म्हणावेत असे. त्या गोटात एक आवडता सिद्धांत होता: कर कापा, पैसाच आला नाही की सरकारचा खर्च आपोआप आटेल. मुलाचा पॉकेटमनी बंद केला की तो आपसूक शहाणा होईल, तसं. निस्कानेन यांनी १९८१नंतरच्या वर्षांचे आकडे लावून पाहिले आणि नेमकं उलटं सापडलं. कर कमी असतात तेव्हा खर्च आटत नाही, वाढतो. कारण कर ही सरकारची किंमत असते. किंमत कमी दिसली की गिऱ्हाईक जास्त माल मागतं. मुलाचा पॉकेटमनी बंद झाला, पण बापाचं क्रेडिट कार्ड त्याच्याच खिशात राहिलं.

काकांच्या सोसायटीतही हेच झालं. मेंटेनन्स वाढवून ग्रॅनाइटचं गेट करायचं असतं तर अठ्ठेचाळीसातल्या चाळीस जणांनी ‘कशाला हवंय?’ म्हटलं असतं. गेट फुकट होतं, म्हणून सगळ्यांना आवडलं.

आता आपल्या घरात येऊ.

डिसेंबर २०२२, नागपूरचं हिवाळी अधिवेशन. जुनी पेन्शन योजना परत आणा ही मागणी जोरात होती. तेव्हा उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री असलेल्या देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात स्वच्छ नकार दिला: १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. मला ते उत्तर आवडलं होतं. आजही वाटतं की ते त्यांचं एक चांगलं भाषण होतं. कारण पेन्शनचं बिल सर्वांत उशिरा येणारं बिल आहे. आज वचन द्यायचं आणि तीस वर्षांनी कुणीतरी दुसऱ्याने भरायचं. वाजपेयी सरकारने १ जानेवारी २००४पासून केंद्रात आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५पासून नव्या भरतीसाठी जुनी पेन्शन बंद केली, ही आपल्याकडची गेल्या पन्नास वर्षांतली बहुधा सर्वांत खरी काटकसर. तिचं फळ नातवंडांच्या पिढीला मिळणार होतं. म्हणून त्या काटकसरीला एकही मत मिळालं नसावं.

मग मार्च २०२३मध्ये कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्याआधी शिक्षक-पदवीधर मतदारसंघांत फटका बसला होता, आणि सूर मऊ झाला. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने निम्म्या पगाराइतक्या पेन्शनची हमी देणारी योजना आणली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली, देशात सर्वांत आधी. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती. बोजा किती, भरणार कोण, यावर नागपूरसारखं भाषण या वेळी झालं नाही.

रेवडीचंही तसंच. जुलै २०२२मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्घाटनाला पंतप्रधान मोदींनी रेवडी संस्कृतीवर कोरडे ओढले; मोफत वाटून मतं घेणं देशाच्या विकासाला घातक आहे, असं बजावलं. तरुणांनी सावध राहावं म्हणाले. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशात लाडली बहना आली. २०२४च्या लोकसभेत महाराष्ट्रात महायुतीला ४८पैकी १७ जागा मिळाल्या, निकालाला महिनाही उलटला नव्हता आणि २८ जूनच्या अर्थसंकल्पात माझी लाडकी बहीण आली. दरमहा १,५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज. मांडणारे अर्थमंत्री अजित पवार. हिशेबाला कडक, फाइलवर लाल शेरा मारायला न कचरणारा माणूस ही त्यांची ख्याती होती. त्याच अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज होती. अर्थसंकल्पाची शाई वाळायच्या आत, जुलैत, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी म्हणजे मुळात जेवणानंतरचं ताक. इथे ताटाइतकंच ताक वाढलं गेलं.

इथे एक कबुली द्यायला हवी. पंधराशे रुपये बाईच्या हातात थेट जाणं याला मी रेवडी म्हणत नाही. पेट्रोल पंपाच्या परवान्यापासून साखर कारखान्याच्या थकहमीपर्यंत ज्या राज्यात पुरुषांनी शतकभर सरकारी मेहेरबानी चाखली, तिथे एका बाईच्या खात्यात पंधराशे आले म्हणून अर्थव्यवस्था बुडाली म्हणणाऱ्यांची मला चीड येते. विरोधकांनी तर तीन हजारांचं वचन दिलं होतं, त्यामुळे त्यांनी तोंड उघडू नये हेही खरं. माझं भांडण खर्चाशी नाहीच. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांनी शिस्तीचा टिळा लावला आहे, त्यांनी निदान बिल दाखवावं.

बिल दाखवलं नाही म्हणून ते येत नाही असं नाही. ते मागच्या दाराने येतं. कसं येतं ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी मला एका सकाळी कणीक मळताना दाखवलं.

ताई राहतात भांडुपच्या टेंभीपाड्यात. घरून स्टेशनपर्यंत एक बस, तिथून मुलुंडला दुसरी. जायच्या दोन, यायच्या दोन. ९ मे २०२५पासून बेस्टचं किमान भाडं पाचचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. ताईंनी हात धुतले, ओल्या बोटाने ओट्यावर आकडे काढले. चार तिकिटं, दिवसाला वीस रुपये जास्त. महिन्याचे सव्वीस दिवस. पाचशेवीस. ‘म्हणजे पंधराशेतले पाचशेवीस त्यांनी बसमध्येच काढून घेतले की हो.’ मी सांगायला गेलो की योजना राज्याची आहे आणि बेस्ट महापालिकेची. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण लहान मुलाकडे पाहतो. आणि खरं म्हणजे त्यांचंच बरोबर होतं. मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली, त्या मे महिन्यातही महापालिकेत राज्य सरकारने नेमलेला प्रशासकच होता. खिसा एकच, फक्त अस्तर वेगळं.

पुढे त्यांनी एसटीचंही काढलं. १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे त्या गावाला दोनदा जास्त गेल्या, आईला भेटल्या; ते सुख त्या मनापासून सांगतात. २५ जानेवारी २०२५ला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. अर्धं तिकीट राहिलं, अर्ध्याचा आकडा वाढला. जूनमध्ये दारूवरचं शुल्क वाढलं, त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जास्त यावेत असा सरकारचा अंदाज. त्यावर ताई म्हणाल्या, आमचा मालक तर पितोच, म्हणजे माझे पंधराशे त्याच्या बाटलीतूनच येतात. मी हसलो, त्या हसल्या नाहीत.

आता उलटी बाजू. आमच्या मुलुंडच्या टोलनाक्यावर गाडीवाले वर्षानुवर्षं शिव्या घालत रांगेत उभे असायचे, मीही त्यात. १९९०च्या दशकात युती सरकारने मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांचा धडाका लावला, तो पैसा वसूल करायला शहराच्या पाच वेशींवर हे नाके आले. त्या टोलचा हिशेब कधी पारदर्शक नव्हता. पण एक गोष्ट त्यात प्रामाणिक होती: पूल वापरणाऱ्या गाडीवाल्याच्या हातातून पंचेचाळीस रुपये रोख जायचे आणि पुलाची किंमत असते हे त्याला कळायचं. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल माफ झाला. पंधरा तारखेला निवडणूक जाहीर झाली. कंत्राटदाराला भरपाई द्यायची ती सरकारनेच द्यायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून. मी त्या रात्रीनंतर ठाण्याला जाताना पंचेचाळीस रुपये वाचवतो. ते रुपये ताईंच्या दहा रुपयांच्या तिकिटाशी कुठे ना कुठे, कुठल्या तरी खात्यात, जोडलेले असणार हे मला दिसतं, पण गाडी थांबवून ते परत द्यायला तिथे खिडकी नाही.

निवडणुकीत महायुतीला २८८पैकी २३० जागा मिळाल्या. मग काटकसर परत आली. पंधराशेचे एकवीसशे करू हे वचन मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात दिसलं नाही; लाडकी बहीणची तरतूद ३६ हजार कोटींवर आली. आनंदाचा शिधा बंद पडला. सामाजिक न्याय खात्याचा पैसा वळवला म्हणून त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर त्रागा केला. कंत्राटदारांच्या संघटना म्हणू लागल्या की सरकारकडे आमचे सुमारे ८९ हजार कोटी थकले आहेत. जुलैत महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की छाननीत २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र वाटतात. त्यात चौदा हजारांहून जास्त पुरुष निघाले. एका वर्षापूर्वी, ज्या महिन्यांत फॉर्म भरून घेतले जात होते, तेव्हा ही छाननी कुणाला सुचली नव्हती. शिस्त ही आपल्याकडे पावसासारखी हंगामी आहे. फरक इतकाच की पाऊस मतदानाआधी पडतो आणि शिस्त मतदानानंतर.

हा खेळ एकाच पक्षाचा नाही, याची आठवण जुन्या वाचकांना असेल. २००४ साली सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर झाली, निवडणूक जिंकली गेली, आणि पुढच्या वर्षी विलासराव देशमुखांच्या सरकारने ती गुंडाळली. पण काँग्रेसवाल्यांनी ‘आम्ही लहान सरकार चालवतो’ असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडून अपेक्षाच ती नव्हती.

या लेखावर एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. रुपयांतला आकडा फुगवून दाखवू नका. अर्थव्यवस्थेच्या प्रमाणात बोला. ठीक. २०१३-१४ साली केंद्राचा खर्च साधारण १५.६ लाख कोटी होता, २०२५-२६चा अंदाज ५०.६५ लाख कोटी. तिपटीहून जास्त. पण त्याच काळात देशाचं उत्पन्नही जवळपास तिप्पट झालं. म्हणजे ‘किमान सरकार’ म्हणत आलेल्यांनी सरकार किमान केलं नाही, पण फार सुजवलंही नाही. करोनात ९.२ टक्क्यांवर गेलेली तूट २०२४-२५मध्ये ४.८वर आणली, अन्न महामंडळाच्या नावावर लपवलेली कर्जं २०२१च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी उघडपणे वहीत आणली. याला मी शिस्त म्हणेन, आणि विशेष म्हणजे या कामाचा कुणी फलक लावला नाही. महाराष्ट्राचंही तसंच: ९.३२ लाख कोटींचं कर्ज ऐकून छातीत धस्स होतं, पण राज्याच्या उत्पन्नाच्या ते १९ टक्क्यांच्या आतच आहे. बऱ्याच राज्यांपेक्षा आपण बरे.

तर मग ओरड कसली? ओरड ४५,८९१ कोटींची आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात राज्याने दाखवलेली ही महसुली तूट. एकूण राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींची, त्यातली बाकीची समजा पूल, धरणं, मेट्रो यांना गेली. त्यासाठी कर्ज काढणं म्हणजे घरासाठी होमलोन काढणं. पण महसुली तूट म्हणजे महिन्याचा किराणा क्रेडिट कार्डवर. आणि त्या किराण्यातला निम्म्याहून अधिक भाग, म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, कुठल्याच सरकारला कापता येत नाही. जे कापता येतं ते शाळेतल्या शिक्षकाची रिकामी जागा, आश्रमशाळेचं जेवण, वसतिगृहाचा भत्ता. म्हणून कर्ज प्रमाणात आहे हे खरं असूनही शाळेत मास्तर नाही, हेही खरं असतं.

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर मला व्यक्तिशः कधी आवडल्या नाहीत, पण त्यांचं एक मानावं लागेल. १९७९ला आल्या आल्या त्यांच्या सरकारने विक्रीवरचा मूल्यवर्धित कर ८ टक्क्यांवरून १५वर नेला. १९८१ला मंदी असताना पुन्हा कर वाढवले. ३६४ अर्थतज्ज्ञांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून निषेध केला. खर्च त्यांच्याही काळात महागाई वजा जाता वाढलाच. पण आधी बिल, मग गेट.

आणि हे करायला आपल्याला लंडनला जायची गरज नव्हती. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी ती कल्पना आधी तासगाव भागात करून पाहिली होती. मागेल त्याला काम: सरकारी खर्चाचं याहून धाडसी वचन देशात कुणी दिलं नव्हतं, आणि ते पेलायला १९७५ साली या राज्याने व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या पगारदाराने भरायचा, गावातल्या मजुराला मजुरी मिळायची. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. मुंबईकराला तेव्हा कुणी सांगितलं नाही की हे फुकट आहे. त्याच्या पगारातून ते कापलं गेलं, आणि पुढे देशाने २००५ साली त्याच धर्तीवर कायदा केला.

माझ्या पगाराच्या स्लिपवर ती ओळ अजून आहे. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. ऑफिसातल्या नव्या मुलांना वाटतं तो कसला तरी चिल्लर त्रास आहे. फेब्रुवारीत शंभर जास्त का गेले म्हणून एचआरला मेल करतात. मी त्यांना सांगतो की ही त्या स्लिपवरची सर्वांत इमानदार ओळ आहे. कुणासाठी आणि का, हे सांगून घेतलेले पैसे. आज लाडकी बहीणसाठी अशी एक ओळ टाकायची म्हटलं, ‘भगिनी निधी, महिना ३०० रुपये’, तर कुठलं सरकार टाकेल? आणि टाकली तर आम्ही मुलुंडवाले काय करू? मला माझ्या शेजाऱ्यांचं माहीत आहे, माझंही थोडंफार माहीत आहे. आम्ही ताईंना दिवाळीला एक पगार बोनस देतो, साडी देतो, आणि तीनशेच्या ओळीवर मोर्चा काढू. थोरल्या बुश यांना हरवणारे मतदार काही अमेरिकेतच राहत नाहीत.

मुंबई महापालिकेचं तर विचारूच नका. जकात १ जुलै २०१७ला गेली, तिच्या बदल्यात आता राज्याच्या भरपाईवर हात पसरायचा. ५०० चौरस फुटांच्या आतल्या घरांचा मालमत्ता कर २०२२ला माफ झाला. आणि अर्थसंकल्प? २०२४-२५चा ५९,९५४ कोटी, पुढच्या वर्षीचा ७४,४२७ कोटी. दर निवडणुकीत सगळे पक्ष ‘मुंबईकरांवर करवाढ नाही’ आणि ‘महापालिकेच्या ठेवी आम्ही राखू’ ही दोन वाक्यं एका दमात म्हणतात. सिंकिंग फंडाच्या एफडीबद्दल मी वर लिहिलंच आहे.

आमच्या इमारतीचं काम आता निम्मं झालंय. परातीवर परात काँक्रीट चढतंय, बांबूच्या पराचीमुळे बेडरूममध्ये दिवसाही लाइट लावावा लागतो. नव्या कमिटीने मेंटेनन्स साडेसातशे रुपयांनी वाढवला आणि नोटीस बोर्डावर प्रत्येक खर्चाचा कागद लावायला सुरुवात केली. लोक तो वाचतात आणि चिडतात. लिफ्टच्या एएमसीला एवढे? वॉचमनला एवढे? परवा कुणीतरी मार्कर पेनने त्या कागदावर लिहून ठेवलं होतं, ‘काकांच्या काळात असं नव्हतं.’

एजीएम सप्टेंबरात आहे. काकांनी फॉर्म भरला आहे, असं वॉचमन सांगत होता.